झोपलेल्या मांजराच्या मिशा का हलतात?



दुपारी ओट्यावर झोपलेले मांजर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सुरुवातीला ते पाय पोटाशी घेऊन, मान वर ठेवूनच पेंगते. थोड्या वेळाने मान खाली टेकते, अंग सैल पडते. मग मिशा थरथरू लागतात, कान फडफडतो, पंजे आखडतात आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे पळू लागतात. घरातले पोर विचारते, "आई, मनीला स्वप्न पडतंय का गं?" आई म्हणते, "पडत असेल उंदराचं!" आणि कामाला लागते.

पोराचा प्रश्न मात्र मोठा आहे. गेली सत्तर वर्षे शास्त्रज्ञ त्याच प्रश्नाच्या मागे आहेत. मांजर, उंदीर, कुत्रा, सील अशा प्राण्यांच्या मेंदूतून त्यांना जे कळले, त्याचा आपल्या घराशी थेट संबंध आहे. स्वप्नाची जी यंत्रणा मांजराच्या डोक्यात आहे, तीच थोड्याफार फरकाने आपल्याही डोक्यात आहे. ती बिघडली की कुणी झोपेत लाथा मारतो, कुणाला पहाटे जाग येते पण बोटसुद्धा हलवता येत नाही, कुणी हसता हसता जमिनीवर कोसळतो. अशा माणसाला आपल्याकडे आधी भगताकडे नेतात आणि मग दवाखान्यात. तो थेट दवाखान्यात जावा, एवढ्यासाठी आजचा पाठ.

झोप एक नव्हे, दोन

झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणे, असा पूर्वी समज होता. १९५३ साली अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी हा समज मोडला. ॲसेरिन्स्कीने आपल्या ८ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा जोडून झोपेत त्याच्या मेंदूची आणि डोळ्यांची नोंद घेतली होती. मुलगा गाढ झोपलेला असतानाच मधूनमधून त्याचे डोळे झपाझप हलत. पुढे मोठ्या माणसांना नेमके अशा वेळी उठवून विचारले, तेव्हा बहुतेकांनी स्वप्न सांगितले. या झोपेला इंग्रजीत 'रॅपिड आय मूव्हमेंट', म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालीची झोप म्हणतात. डॉक्टर थोडक्यात 'रेम' म्हणतात. आपण तिला स्वप्ननिद्रा म्हणू.

१९५८ मध्ये विल्यम डिमेंट यांनी हीच झोप मांजरात दाखवली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जूवे यांना आणखी एक गोष्ट आढळली. या झोपेत मांजराच्या मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या वेगवान असतात, पण मानेचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडलेले असतात. मेंदू जागा आणि अंग निपचित, अशी ही विरोधाभासाची झोप. जूवे यांनी तिला तेच नाव दिले.

हा फरक आपण घरीही पाहू शकतो. मान वर ठेवून पेंगणारे मांजर साध्या झोपेत असते. मान पडली, मिशा हलू लागल्या की स्वप्ननिद्रा. घोडा उभ्याउभ्या पेंगू शकतो, पण स्वप्ननिद्रेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, कारण त्या झोपेत मान आणि पाय सांभाळायला स्नायूंत जोरच उरत नाही. गाय बसल्याबसल्या पेंगते, पण स्वप्ननिद्रेत तिला मान कुशीवर किंवा जमिनीवर टेकवावी लागते.

ही झोप फेऱ्याफेऱ्यांनी येते. माणसात साधी झोप आणि स्वप्ननिद्रा मिळून एक फेरी सुमारे ९० मिनिटांची असते. मांजरात ती अर्ध्या तासाच्या आसपास, तर उंदरात १०-१२ मिनिटांचीच. म्हणजे आत कुणीतरी घड्याळ लावल्यासारखे बटण दाबत असते. ते बटण कुठे आहे?

जूवे यांनी मांजरांवर प्रयोग करून ते शोधले. विचार करणारा मेंदूचा वरचा भाग वेगळा केला तरी डोळे हलणे आणि स्नायू ढिले पडणे ठरावीक वेळाने चालूच राहिले. बटण होते खाली, मानेच्या वर जो मेंदूचा देठ असतो, त्यातल्या पॉन्स नावाच्या भागात. हे प्रयोग प्राण्यांसाठी क्रूर होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आज आपल्याला मिळणाऱ्या उपचारांमागे त्या मुक्या जिवांचा मोठा वाटा आहे.

स्वप्नातून सापडलेले रसायन

मेंदूत अब्जावधी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या थेंबाने. पहिल्या पेशीच्या टोकातून रसायन सुटते, मधली बारीक फट ओलांडते आणि दुसऱ्या पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते, कुलपात किल्ली बसावी तसे. काही रसायने दुसऱ्या पेशीला चेतवतात, काही गप्प करतात.

ही गोष्ट सिद्ध झाली तीही एका स्वप्नामुळे! ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले ऑटो लोवी यांनी स्वतःच ती हकीकत सांगितली आहे. एका रात्री स्वप्नात त्यांना प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी कागदावर खरडले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची गती मंदावणारी नस चेतवली. ते हृदय ज्या द्रावणात होते ते द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. नस त्याला जोडलेलीच नव्हती, तेव्हा निरोप रसायनानेच पोचला होता. १९२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना त्याबद्दल १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

योगायोग असा की, पुढे स्वप्ननिद्रेच्या शोधात पहिल्यांदा हाती लागले ते हेच रसायन. १९६० च्या दशकात संशोधकांनी ॲसिटिलकोलीनसारखे काम करणारे कार्बाकॉल नावाचे औषध मांजराच्या पॉन्समध्ये थेंबभर सोडले. मांजराचे स्नायू ढिले पडले, डोळे हलू लागले, स्वप्ननिद्रेसारखीच अवस्था आली. बटण दाबणारे एक बोट सापडले होते.

दोन दिव्यांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. मेंदूच्या देठात दोन दिवे आहेत अशी कल्पना करा.

पहिला दिवा ॲसिटिलकोलीनचा. दुसरा दिवा नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या दोन रसायनांचा. नॉरॲड्रेनॅलिन आपल्याला सावध ठेवते. मेंदूत ते मुख्यतः एका छोट्याशा ठिपक्यातून येते. त्या ठिपक्याच्या लॅटिन नावाचा अर्थच निळी जागा असा आहे. सेरोटोनिन मनाच्या स्थितीशी जोडलेले आहे आणि देठाच्या मधोमध असलेल्या राफे नावाच्या पेशींतून येते.

जागेपणी दोन्ही दिवे तेवत असतात.
साध्या गाढ झोपेत दोन्ही मंद होतात.
स्वप्ननिद्रेत पहिला दिवा पुन्हा लख्ख होतो आणि दुसरा जवळजवळ विझतो.

मांजर आणि उंदरांच्या मेंदूत केसाहून बारीक तारा घालून एकेका पेशीची नोंद घेतली, तेव्हा हे दिसले. निळ्या जागेतल्या पेशी जागेपणी टकटक करत असतात, झोपेत सावकाश होतात आणि स्वप्ननिद्रेत चक्क गप्प बसतात. राफेच्या पेशींचेही तसेच. १९७५ साली ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी यावरून सिद्धांत मांडला, की ॲसिटिलकोलीनच्या पेशी स्वप्ननिद्रा सुरू करतात, नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिनच्या पेशी ती दाबून धरतात, आणि या दोन गटांच्या ओढाताणीतून झोपेच्या फेऱ्या तयार होतात.

स्वप्न इतके खरे का वाटते आणि उठल्यावर इतके लवकर का विसरते, याचा थोडा उलगडा यातून होतो. पहिला दिवा लख्ख असल्याने मेंदू चित्रे रंगवत राहतो. पण सावध ठेवणारा, आठवण पक्की करायला मदत करणारा दुसरा दिवा विझलेला असतो. २०१९ मध्ये उंदरांत आणखी एक गोष्ट दिसली. हायपोथॅलॅमस या भागात काही पेशी स्वप्ननिद्रेतच जास्त काम करतात. त्या बंद केल्या तर उंदरांना शिकलेली गोष्ट जास्त चांगली आठवते. म्हणजे विसरण्याचीही मेंदूत व्यवस्था आहे.

हॉब्सन-मॅकार्लींचा हिशेब पुढे अधिक बारीक झाला. २००६ साली उंदरांवरच्या अभ्यासातून कळले, की पॉन्समध्ये पेशींचे दोन गट एकमेकांना गाबा या रसायनाने गप्प करत असतात. एक गट जिंकला की स्वप्ननिद्रा, दुसरा जिंकला की ती थांबते. घरातल्या दिव्याच्या बटणासारखे, एक तर चालू नाहीतर बंद, मध्ये लटकत नाही. म्हणजे खरे बटण गाबा आणि ग्लुटामेट या रसायनांच्या पेशींचे आहे, आणि आपले दोन दिवे त्या बटणाला या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलतात. तरी ॲसिटिलकोलीनचे महत्त्व कमी होत नाही. २०१८ साली जपानमधल्या संशोधकांनी ॲसिटिलकोलीन ज्या कुलपांत बसते त्यातली दोन कुलपे नसलेले उंदीर तयार केले. त्या उंदरांत स्वप्ननिद्रा जवळपास नाहीशी झाली.

२०२२ साली जपानमधूनच आणखी एक धागा पुढे आला. भीती, आनंद अशा भावनांशी संबंधित ॲमिग्डाला नावाच्या भागात डोपामिन हे रसायन थोडा वेळ वाढते आणि त्यानंतर उंदीर स्वप्ननिद्रेत जातो. संशोधकांनी ते डोपामिन मुद्दाम वाढवले, तेव्हा स्वप्ननिद्रा सुरू झाली.

अंगाला लागणारे कुलूप

आता मिशांकडे येऊ. मेंदू जागा असेल आणि स्वप्नात उंदरामागे धावायचे असेल, तर मांजर खरोखरच उठून का धावत नाही? कारण स्वप्ननिद्रा सुरू होताच पॉन्समधून खाली पाठीच्या कण्याकडे निरोप जातो, "कुलूप लावा." तिथे गाबा आणि ग्लायसिन ही दोन रसायने सुटतात आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना गप्प करतात. २०१२ मध्ये उंदरांत दिसले, की या रसायनांचा एकेक मार्ग अडवून भागत नाही. सगळे एकाच वेळी अडवले तरच स्नायू पुन्हा जागे होतात. कुलूप दुहेरी आहे, इतकी काळजी निसर्गाने घेतली आहे. श्वासाचा मुख्य पडदा आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे यातून सुटतात, म्हणून श्वास चालू राहतो आणि बुबुळे हलतात. कुलूप घट्ट असले तरी अधूनमधून वरून येणारा जोराचा निरोप थोडासा निसटतो. तीच मिशांची थरथर आणि पंजाची आखडण.

कुलूप नसेल तर काय होईल, हेही जूवे यांनी पाहिले. १९६५ साली त्यांनी पॉन्समधला कुलूप लावणारा छोटा भाग काढलेल्या मांजरांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मांजरे स्वप्ननिद्रेत शिरताच मान वर करत, उठत, न दिसणाऱ्या सावजाचा पाठलाग करत, फिस्कारत, झडप घालत. समोर खरे खाणे ठेवले तरी त्यांना त्याचे भान नसे, कारण ती झोपलेली होती.

प्राण्याला "काय पाहिलेस?" असे विचारता येत नाही. त्यामुळे मांजराचे स्वप्न आपल्या स्वप्नासारखेच असते असे ठामपणे कुणी म्हणत नाही. पण २००१ साली अमेरिकेत एक बोलका पुरावा मिळाला. दिवसा गोल मार्गावर खाण्यासाठी धावलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने चेतल्या होत्या, त्याच क्रमाने त्या पुढे स्वप्ननिद्रेत पुन्हा चेतल्या. उंदीर झोपेत पुन्हा तोच रस्ता धावत होता. आईचे "पडत असेल उंदराचं" हे उत्तर शास्त्रापासून फार दूर नाही.

जागेपणी कुलूप पडले तर

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डिमेंट यांनी १९७० च्या दशकात काही विचित्र आजाराची कुत्री जमवली. त्यात डॉबरमन जातीची कुत्री होती. आवडते खाणे समोर आले की ती आनंदाने धावत येत आणि मध्येच पाय लुळे पडून कोसळत. शुद्ध जात नसे. थोड्या वेळाने उठून पुन्हा खायला लागत. स्वप्ननिद्रेचे कुलूप जागेपणीच पडत होते. या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात.

१९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांना एकच नवे मेंदूरसायन सापडले. त्याला ओरेक्सिन म्हणतात. ते जागेपणाच्या पेशींना आधार देऊन बटण डळमळू देत नाही. १९९९ मध्ये एमानुएल मिन्यो यांच्या गटाला कळले, की त्या डॉबरमन कुत्र्यांत ओरेक्सिन बसण्याचे कुलूपच जन्मतः बिघडलेले होते. त्याच वर्षी ओरेक्सिन तयार न होणारे उंदीरही तसेच कोसळताना दिसले. २००० साली माणसांचा उलगडा झाला. नार्कोलेप्सी असलेल्यांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या होत्या. दिवसा आवरता न येणारी झोप आणि हसताना गुडघे लुळे पडणे, हा नाटकीपणा किंवा आळस नाही. तो मेंदूतल्या मूठभर पेशी गेल्याचा परिणाम आहे.

प्रत्येक प्राण्याची वेगळी गरज

सगळ्या प्राण्यांना स्वप्ननिद्रा सारखी लागत नाही. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस दिवसाला ६ ते ८ तास तशा झोपेत असतो. मांजर सुमारे ३ तास. डॉल्फिनमध्ये ती स्पष्टपणे आढळलेलीच नाही. उत्तरेकडच्या समुद्रातली फर असलेली सील जमिनीवर असताना आपल्यासारखी झोपते. पण पाण्यात राहू लागली की अर्धा मेंदू झोपवून अर्धा जागा ठेवते आणि स्वप्ननिद्रा जवळजवळ सोडूनच देते, तीही कित्येक दिवस. बोट्स्वानातल्या दोन हत्तिणींच्या नोंदीत त्या दिवसाला सरासरी २ तासच झोपताना दिसल्या, आणि आडव्या पडल्या तर तीन-चार दिवसांतून एकदा.

पिल्लांमध्ये मात्र उलटे. मांजराचे पिल्लू, उंदराचे पिल्लू आणि आपले तान्हे बाळ, तिघेही मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त स्वप्ननिद्रा घेतात. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप या प्रकारची असते, मोठ्या माणसाची पाव हिश्शाच्या आसपास. म्हणून बाळ झोपेत हसले, तोंड वाकडे केले, हातपाय झटकले तर दृष्ट काढण्याची गरज नाही. त्याचा मेंदू घडत असतो. बाळ झोपू द्यावे.

आता आपल्या घरात

छातीवर बसणारे भूत: जाग आली, डोळे उघडे, पण हात-पाय हलत नाहीत, ओरडता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, कोपऱ्यात माणूस उभा दिसतो. मेंदू जागा झाला पण ग्लायसिन-गाबाचे कुलूप अजून उघडले नाही, आणि स्वप्नाची चित्रेही अजून चालू आहेत, एवढेच घडलेले असते. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. लकव्याशी त्याचा संबंध नाही. काही सेकंदांत ते आपोआप सुटते. अपुरी झोप, सतत बदलणारी पाळी, ताण आणि उताणे झोपणे यांनी ते वाढते. रात्रपाळी करणाऱ्या आम्हा नर्सेसमध्ये असे अनुभव सांगणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. असे झाल्यास घाबरू नका. श्वास शांत ठेवा, पायाचे किंवा हाताचे एक बोट हलवण्याचा प्रयत्न करा. कुशीवर झोपा, झोपेची वेळ ठरवा. वारंवार होत असेल आणि दिवसाही झोप आवरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण केली, चटके दिले, तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

झोपेत मारामारी: पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस झोपेत ओरडतो, ठोसे मारतो, पलंगावरून पडतो, आणि उठवल्यावर "कुणीतरी मागे लागलं होतं" असे सांगतो. जूवे यांच्या मांजरासारखे त्याचे कुलूप ढिले झालेले असते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी माणसांतला हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला. यातल्या अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन होतो. म्हणून याला "अण्णांची जुनी खोड" म्हणून सोडू नका. मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. तोवर पलंगाजवळून कोयता, काच, दगडी पाटा अशा वस्तू हलवा, आणि शेजारी झोपणाऱ्या बाईने वेगळे अंथरूण घालावे. मार बहुधा तिलाच बसतो आणि ती लाजेने सांगत नाही.

गोळ्या आणि दारू: उदासीनतेवरच्या अनेक गोळ्या सेरोटोनिन वाढवतात, म्हणजे दुसरा दिवा तेवत ठेवतात. त्यामुळे स्वप्ननिद्रा कमी होते. त्या गोळ्या एकदम बंद केल्या तर दाबलेली स्वप्ननिद्रा उसळून येते आणि भयंकर स्वप्ने पडतात. "गोळ्या सोडल्या आणि भुतं दिसायला लागली" असे वाटते ते यामुळे. गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायच्या. दारूचेही असेच. रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्ननिद्रा दाबते, पहाटे ती उसळते. रोज खूप पिणाऱ्याने अचानक सोडली आणि तो थरथरू लागला, नसलेल्या गोष्टी पाहू लागला, तर तो जिवावरचा धोका आहे. लगेच रुग्णालयात न्या. विसरभोळेपणावर दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळ्या ॲसिटिलकोलीन वाढवतात. त्या रात्री घेतल्याने आजीला फार स्वप्ने पडत असतील, तर गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

फवारणी: हा मुद्दा शेतमजुरांच्या घरांसाठी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके ॲसिटिलकोलीन संपवणाऱ्या पाचकद्रव्यालाच बंद पाडतात. मग शरीरभर ॲसिटिलकोलीन साठते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, घाम आणि डोळ्यांतून पाणी वाहते, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. मेंदूवरही परिणाम होतो. झोप उडते, बेचैनी येते, भीतीदायक स्वप्ने पडतात. वॉर्डात अशा रुग्णाला आम्ही ॲट्रोपिनवर ॲट्रोपिन देत बसतो, तेव्हा ॲसिटिलकोलीनच्या कुलपातच अडसर घालत असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काही जण दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीच्या दिवसांत घरातला माणूस रात्री दचकून उठत असेल, फार घाम येत असेल, डोळ्यांना अंधारी येत असेल, तर त्याचा अर्थ बाहेरची बाधा नव्हे, विषाची बाधा असू शकतो. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवता येतात.

आणि घरातले कुत्रे-मांजर: झोपेत पाय हलवत असेल तर हात लावून उठवू नका, दचकून चावू शकते. नावाने हाक मारली की जागे होते. अंग ताठ झाले, तोंडाला फेस आला, लघवी झाली आणि हाक मारूनही भानावर येत नसेल, तर ती फिट आहे. गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात लक्षात ठेवा:

१. स्वप्न ही मेंदूतल्या रसायनांनी ठरावीक वेळाने सुरू होणारी अवस्था आहे. ती मांजरातही आहे आणि आपल्यातही.
२. ॲसिटिलकोलीन ती वाढवते, नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन ती रोखतात, ग्लायसिन आणि गाबा अंगाला कुलूप लावतात, ओरेक्सिन ते कुलूप जागेपणी पडू देत नाही.
३. यातले काही बिघडले तर त्याला आजाराचे नाव आहे आणि बहुतेकांवर उपचार आहेत.
४. डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या. त्रास रात्री किती वाजता होतो, त्या वेळी रुग्ण हलतो की निपचित असतो, आणि सध्या कोणत्या गोळ्या, दारू किंवा फवारणी चालू आहे. शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्या, कारण झोपेत काय घडते ते रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते. मोबाईलवर झोपेचा छोटा व्हिडिओ काढून नेलात तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.